र. कृ. जोशी

रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६ – ५ फेब्रुवारी २००८) हे मराठी कवी, सुलेखनकार, मुद्राक्षर-रचनाकार, संशोधक आणि प्राध्यापक होते. र. कृ. जोशी आणि आर. के. जोशी या दोन्ही नावांनी ते परिचित आहेत. मुंबईच्या जाहिरातक्षेत्रातील प्रदीर्घ कारकिर्दीनंतर त्यांनी पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत दृक्‌संप्रेषणाचे अध्यापन केले आणि भारतीय लिपी संगणकाच्या पडद्यावर आणण्याच्या संशोधनात महत्त्वाचा वाटा उचलला. मायक्रोसॉफ्ट विंडोज या संगणक प्रणालीतील 'मंगल' हा देवनागरी फाँट ही त्यांची सर्वाधिक वापरली गेलेली निर्मिती होय. सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले.

शिक्षण आणि जाहिरातक्षेत्र

जोशी यांनी मुंबईत सर ज. जी. कला विद्यालयाच्या परिसरात उपयोजित कलेचे शिक्षण घेतले. शिक्षणानंतर ते डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत रुजू झाले. १९६१ ते १९८३ या काळात ते उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक होते. पंजाब नॅशनल बँक, वेलकमग्रुप हॉटेले आणि मुंबईतील चेतना या संस्थांची बोधचिन्हे त्यांनी केली.

त्या काळातील भारतीय जाहिरातींत मूळ मजकूर बहुधा इंग्रजीत तयार होई आणि देशी भाषांतील आवृत्ती त्यावरून बेतली जाई. रोमन अक्षरांसाठी शेकडो मुद्राक्षरसंच उपलब्ध असताना देवनागरीसाठी मात्र मोजकेच होते. त्यामुळे मराठी किंवा हिंदी शीर्षके पुष्कळदा हातानेच रेखाटावी लागत. बोरूच्या टोकाचा कोन, शिरोरेघेची जाडी, काना आणि वेलांटी यांचे प्रमाण हे प्रश्न जोशी यांच्यापुढे रोजच्या कामातून आले.

काव्यलेखन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत लघुनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. दिलीप चित्रे, रमेश समर्थ, अरुण कोलटकर आदींच्या 'शब्द' या अनियतकालिकाने पन्नाशीच्या दशकात तिची वाट मोकळी केली. कवी आणि चित्रकार यांच्यातील सीमारेषा या चळवळीत पुसट झाली होती. कोलटकर हेही जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होते. अशा वातावरणात जोशी यांनी मराठीत मूर्तकविता लिहिल्या. मूर्तकवितेत शब्दांच्या अर्थाबरोबरच अक्षरांचा आकार, त्यांची दिशा, पुनरावृत्ती आणि कागदावरील मोकळी जागा हीदेखील कवितेची सामग्री ठरते. अशी कविता मोठ्याने वाचून पुरी होत नाही, ती पाहावी लागते.

पाश्चात्त्य साहित्यात हा प्रकार १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील ऑयगेन गोमरिंगर आणि ब्राझीलमधील नोइगांद्रेस गट यांच्यामुळे नावारूपाला आला. भारतात त्याला जुनी पार्श्वभूमी आहे. संस्कृत काव्यशास्त्रातील चित्रकाव्यात कमळ, खड्‌ग, मृदंग इत्यादी आकृत्यांत श्लोकाची अक्षरे बसवली जात. भारवीच्या 'किरातार्जुनीया'त आणि माघाच्या 'शिशुपालवधा'त असे बंध आढळतात. मराठीत मोरोपंतांनी आपल्या अनेक रामायणांत अक्षरांच्या जागेवर आधारलेल्या करामती केल्या. जुन्या चित्रकाव्यात अक्षराची जागा महत्त्वाची असली, तरी त्याचे वळण कोणतेही चालत असे. मूर्तकवितेत वळणालाही अर्थ येतो. जोशी यांचे काव्य आणि त्यांचे अक्षरसंशोधन यांना जोडणारा दुवा हाच आहे.

अध्यापन

१९८३ मध्ये जोशी भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील औद्योगिक अभिकल्प केंद्रात दृक्‌संप्रेषणाचे प्राध्यापक झाले आणि १९९६ पर्यंत तेथे राहिले. १९६९ साली स्थापन झालेल्या या केंद्रात अभियांत्रिकी, वास्तुकला आणि उपयोजित कला अशा वेगवेगळ्या शाखांतून विद्यार्थी येत. जोशी यांच्या अध्यापनात हाताने लिहिण्याला पायाचे स्थान होते. संगणकावर अक्षर घडवण्याआधी ते लेखणीतून कसे उतरते हे ठाऊक असले पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. सुलेखनाच्या अनेक कार्यशाळाही त्यांनी घेतल्या.

ल. श्री. वाकणकर यांचे लिपिविषयक लेखन आणि बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्रणकलेवरील १९७१ मधील बृहद् ग्रंथ यांनी या विषयाच्या मराठी अभ्यासाला आधार दिला होता. जोशी यांनी हा अभ्यास संगणकयुगात पुढे नेला.

संगणकीय संशोधन

शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा देवनागरीचा एक संच सिद्ध करण्यास जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि मात्रा धरून शेकडो खिळे लागत. १८६९ साली जावजी दादाजी यांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती अशाच सुबक खिळ्यांमुळे होती. टंकलेखन यंत्रात मात्र कळांची संख्या मर्यादित असल्याने अक्षरांची मोडतोड करावी लागली. संगणकाच्या आरंभीच्या फाँटांनीही पुष्कळ अंशी टंकलेखन यंत्राचीच पद्धत उचलली. प्रत्येक कंपनीच्या फाँटात अक्षरांचे संकेतांक निराळे असत. परिणामी एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर तोच फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत दिसे. त्यात शब्द शोधणे किंवा अकारविल्हे लावणे शक्य होत नसे.

आयएससीआयआय हे भारतीय प्रमाण (१९९१) आणि पुढे युनिकोड यांनी वेगळे तत्त्व स्वीकारले. त्यानुसार संगणकात अक्षराचे चित्र साठवले जात नाही, तर वर्णांचा उच्चारानुसारी क्रम साठवला जातो. उदाहरणार्थ, 'विद्यार्थी' या शब्दात 'व'नंतर ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते, परंतु ती डावीकडे काढावी लागते. शेवटच्या अक्षरात 'र', हलन्त, 'थ' आणि दीर्घ वेलांटी असा क्रम असतो. त्यातील 'र'चा रफार होऊन तो 'थी'च्या माथ्यावर जातो. 'द' आणि 'य' यांचे जोडाक्षर होते. साठवलेल्या क्रमातून दिसणारे रूप घडवण्याच्या या प्रक्रियेसाठी लिपीचे नियम आणि अक्षरांची चित्रे दोन्ही अचूक असावी लागतात.

मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातील संशोधकांसमवेत जोशी यांनी याच प्रश्नावर काम केले. संगणकीय आरेखनाचे तज्ज्ञ सु. प. मुदूर आणि त्यांचे सहकारी यांच्याबरोबर लिहिलेला भारतीय लिपींतील मजकुराच्या रूपघडणीवरील त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. 'विन्यास' ही अक्षररचनेची संगणकीय प्रणालीही याच केंद्रात विकसित झाली. अक्षराची केवळ बाह्यरेषा न आखता लेखणीच्या फटकाऱ्यांतून अक्षर घडवणे हे तिचे वैशिष्ट्य होते. हे केंद्र पुढे प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) विलीन झाले आणि जोशी तेथे अभिकल्पतज्ज्ञ म्हणून कार्यरत राहिले.

फाँट आणि लिपिविषयक कार्य

'मंगल' हा देवनागरी फाँट आणि 'लता' हा तमिळ फाँट विंडोज २००० या आवृत्तीत समाविष्ट झाले. पुढील आवृत्त्यांत गुरुमुखीसाठी 'रावी', गुजरातीसाठी 'श्रुती', तेलुगूसाठी 'गौतमी' आणि कन्नडसाठी 'तुंगा' हे त्यांचे फाँट आले. या कामात त्यांना तरुण सहकाऱ्यांचे साहाय्य होते. 'रघु' हा देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली उपलब्ध करण्यात आला. भारतीय भाषांना समान अशा लिपीचा विचार त्यांनी 'देशनागरी' या प्रकल्पात मांडला. वैदिक संस्कृतातील स्वरचिन्हांना संगणकीय संकेतांक मिळावेत यासाठीच्या कामातही ते सहभागी होते. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र गट त्यांच्या निधनानंतर, २००९ मध्ये, युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत आला.

युनिकोडमुळे एक मर्यादाही पुढे आली. 'ल' आणि 'श' यांची मराठी व हिंदी वळणे भिन्न असली तरी त्यांचा संकेतांक एकच आहे. कोणते वळण दिसावे हे फाँटावर अवलंबून असते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची रूपे प्रमाणित केली. जुन्या छापखान्यांत मराठी वळणाचे खिळे ही गृहीत गोष्ट होती. पडद्यावर ती जाणीवपूर्वक जपावी लागते.

व्यापक संदर्भ

कविता आणि संगणक यांची सांगड घालणारे प्राध्यापक अन्यत्रही झाले. ब्राझीलमध्ये जन्मलेले एदुआर्दो कात्स यांनी १९८३ पासून होलोग्रामच्या माध्यमात कविता रचल्या. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात कादंबरीकार रॉबर्ट कूव्हर यांनी २००२ मध्ये 'केव्ह' या आभासी वास्तवाच्या दालनात लेखनाची कार्यशाळा सुरू केली. तेथे भिंतींवर प्रक्षेपित झालेले शब्द वाचकाभोवती त्रिमितीत फिरत. याच विद्यापीठातील कवी आणि प्राध्यापक जॉन केली यांनी त्या माध्यमात अक्षराला खोली दिली असता वाचनाचे काय होते याचा शोध घेतला. त्यांच्यापुढे रोमन अक्षरे आयती होती. जोशी यांच्या पिढीला मात्र पडद्यावर देवनागरी अक्षर नीट उभे करण्यापासून सुरुवात करावी लागली. कागद असो, भ्रमणध्वनी असो वा आभासी वास्तव, रफार आणि वेलांटी योग्य जागी बसवण्याचे काम कोणत्याही माध्यमात टळत नाही.

या कार्याचा अर्थ मराठवाड्यातील एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचे अभंग मराठीत देवनागरीत छापले जातात, तर गुरू ग्रंथसाहिबातील त्यांची ६१ पदे गुरुमुखीत आहेत. एकाच कवीच्या या दोन लिपींतील रचना 'मंगल' आणि 'रावी' या जोशी यांच्या फाँटांमुळे एकाच संगणकावर शेजारी शेजारी वाचता येऊ लागल्या, शोधता येऊ लागल्या आणि दुसऱ्या संगणकावर जशाच्या तशा पाठवता येऊ लागल्या.

वारसा

जोशी यांच्या अध्यापनातून आणि कार्यशाळांतून सुलेखन व मुद्राक्षर-रचना या क्षेत्रांत काम करणारी पिढी घडली. त्यांच्यानंतर देवनागरीसाठी अनेक नवे, अधिक वळणांचे फाँट तयार झाले आणि मराठी वळणाची अक्षरे देणारे पर्यायही उपलब्ध झाले. कार्यालयीन पत्रे, स्पर्धा परीक्षांचे टंकलेखन आणि महाजालावरील मराठी लेखन यांतून 'मंगल' अनेक वाचकांच्या परिचयाचा झाला. त्याच्या कर्त्याचे नाव मात्र त्यांतील थोड्यांनाच माहीत असते.