दंतक्षय आणि फ्ल्युओराइड : एका संकल्पनेचा इतिहास

दात 'किडतो' असे मराठीत म्हणतात. या क्रियापदामागे एक प्राचीन निदान आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दंतरोगांमध्ये 'कृमिदंतक' या रोगाची गणना केलेली आहे. दातात कृमी असतो ही समजूत युरोपातही अठराव्या शतकापर्यंत टिकून होती. पॅरिसचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मधील आपल्या ग्रंथात, असा कृमी आपणांस आढळला नसल्याचे नमूद केले. पाश्चात्त्य वैद्यकातील 'कॅरिझ' हा लॅटिन शब्द कृमीचा निर्देश करीत नाही, कुजण्याचा करतो. तथापि दोन्ही शब्दांतील गृहीत एकच आहे : किडलेले धान्य किंवा कुजलेले लाकूड पुन्हा निकोप होत नसते. दंतवैद्यकाने हे गृहीत फार काळ तपासून पाहिले नाही.

वस्तुतः ते तपासण्याचे साधन १८९० मध्येच हाती आले होते. बर्लिनमध्ये संशोधन करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर यांनी दाखविले, की तोंडातील जंतू पिष्ट व शर्करा यांपासून अम्ल निर्माण करतात आणि ते अम्ल दंतवल्कातील, म्हणजे दातावरील कठीण आवरणातील, खनिज विरघळविते. क्षय हे जर खनिजाचे विद्रावण असेल, तर विरघळलेले खनिज परत बसू शकेल काय, हा प्रश्न ओघानेच येतो. १९१२ मध्ये जोसेफ हेड या अमेरिकन संशोधकाने, अम्लाने मऊ पडलेले दंतवल्क लाळेच्या संपर्कात पुन्हा कठीण होते, असे निरीक्षण प्रसिद्धही केले. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. त्या काळी जी. व्ही. ब्लॅक यांचा अधिकार सर्वमान्य होता, आणि किडलेल्या भागासह त्यालगतचा धोक्याचा निरोगी भागही कोरून काढावा व मग दात भरावा, हा त्यांचा नियम पिढ्यान् पिढ्या शिकविला गेला.

योगायोग असा, की फ्ल्युओराइडच्या शोधाची वाटही याच ब्लॅक यांच्यावरून जाते. १९०१ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्ज येथे व्यवसायास आलेल्या फ्रेडरिक मॅके यांना तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. १९०९ पासून ब्लॅक यांनी त्या अभ्यासात भाग घेतला. डागाळलेले दात विद्रूप असले तरी त्यांना कीड मात्र सहसा लागत नाही, हे ध्यानात आले. कारण मात्र सापडेना. ते १९३१ मध्ये सापडले, आणि तेही एका ॲल्युमिनियम कंपनीच्या प्रयोगशाळेत. एच. व्ही. चर्चिल या रसायनज्ञाने आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट या गावच्या पाण्यात दशलक्ष भागांत १३.७ भाग फ्ल्युओराइड असल्याचे दाखविले. पुढे ट्रेंडली डीन यांनी अनेक शहरांतील मुलांचे दात तपासून, एक भाग प्रमाणात डाग जवळजवळ न पडता क्षय कमी होतो, असे सिद्ध केले. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथे सार्वजनिक पाण्यात फ्ल्युओराइड मिसळण्यास प्रारंभ झाला.

येथे विचार पुन्हा अडखळला. डाग दात घडत असतानाच पडतात. तेव्हा संरक्षणही त्याच वेळी दातात मुरत असावे, असा तर्क करण्यात आला. म्हणजे फ्ल्युओराइड हे कवच ठरले, औषध नव्हे. बेसिल बिबी आणि जॉन नट्सन यांनी १९४० नंतर सोडियम फ्ल्युओराइडचे द्रावण प्रत्यक्ष दातांवर लावून पाहिले, त्याचा उपयोगही झाला. परंतु त्याकडेही बव्हंशी प्रतिबंध म्हणूनच पाहिले गेले.

या गृहीताला खरा धक्का दिला तो साध्या प्रतीक्षेने. नेदरलँड्समधील ओ. बाकर डिर्क्स यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, आठव्या वर्षी मुलांच्या दाढांवर नोंदविलेले खडूसारखे पांढरे डाग पंधराव्या वर्षी पुन्हा पाहिले होते. निम्म्याहून अधिक डाग नाहीसे झाले होते. खळगे थोड्यांचेच झाले होते. यांतील प्रत्येक डाग जुन्या शिरस्त्याप्रमाणे कोरला गेला असता, तर किती निरोगी दात हकनाक भरले गेले असते, हे सांगावयास नको.

पुढील दोन दशकांत यामागील प्रक्रिया स्पष्ट झाली. आरंभीच्या क्षयात पृष्ठभाग बराचसा शाबूत असतो. खनिज त्याखालून झिरपून जाते. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट तेथे परत बसू शकतात. लाळेत अल्पांशाने जरी फ्ल्युओराइड असले, तरी ही क्रिया वेगाने होते आणि नवे खनिज अम्लास अधिक दाद देत नाही. अर्थात पृष्ठभाग कोसळून खळगा पडला, की गेलेला आकार परत येत नाही. फ्ल्युओराइडचा प्रमुख प्रभाव दात उगवल्यानंतर, त्याच्या पृष्ठभागावर घडतो, हे मत १९८० नंतर स्थिरावले. दंतमंजनाच्या नळीत किंवा १९६४ मध्ये जर्मनीत पुढे आलेल्या फ्ल्युओराइड-वार्निशमध्ये जे प्रतिबंधक म्हणून आले होते, त्याकडे आता दुरुस्तीचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा सिद्धौषधींना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

दैनंदिन मराठीत मात्र पांढरा डाग आणि पडलेला खळगा या दोहोंना 'कीड' हाच शब्द लावला जातो. पहिल्या अवस्थेतला रुग्ण दात कोरून घ्यावयाच्या तयारीनेच दंतवैद्याकडे येतो, आणि 'काही दिवस थांबू' हे उत्तर त्याला टाळाटाळीचे वाटते.