दोन सुताचा पाना

परवा भाच्याचा फोन आला. नवी मोटरसायकल घेतली आहे आणि पावसाळा संपला की दोन मित्रांबरोबर भिवंडीहून कसारा घाट चढून नाशिक गाठायचा बेत आहे. "मामा, वाटेत गाडी बंद पडली तर? बरोबर हत्यारं काय काय घेऊ?" पाठोपाठ मोबाइलवर एक फोटोही आला. शेहेचाळीस नगांचा चकचकीत संच, प्रत्येक पाना आपापल्या खाचेत. "हा मागवू का?"

तो फोटो बघून मी जरा वेळ गप्पच झालो. असाच एक संच मी १९९४ साली घेतला होता. घरातल्या मोठ्यांना हा किस्सा पाठ आहे, पण धाकट्यांना कुणी सांगितला नसावा. म्हणून इथे लिहून ठेवतो.

बाबांकडे तेव्हा जुनी बुलेट होती. तिच्या बाजूच्या डब्यात एक खाकी पिशवी असायची. तीत प्लग पाना, पक्कड, एक जादा प्लग, क्लचची वायर, चेन लॉक, पॉइंट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा, पंक्चरची पट्टी आणि सोल्युशन. शिवाय चार-पाच काळेकुट्ट पाने, तेल पिऊन जड झालेले. त्यांवर १/४, ३/१६ असे अपूर्णांक कोरलेले. मला त्या पिशवीची लाज वाटायची. पहिला पगार झाला तसा मी मुंबईहून मिलिमीटरच्या पान्यांचा नवा संच आणला, बाबांना भेट म्हणून दिला, आणि त्यांना न विचारता ते काळे पाने भंगारवाल्याला देऊन टाकले. बाबा काही बोलले नाहीत. नवा संच त्यांनी पिशवीत ठेवला.

त्याच पावसाळ्यात आम्ही दोघं वज्रेश्वरीला जाऊन परत येत होतो. अंबाडी मागे पडली आणि शेलारच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. काळजीचं कारण नव्हतं. पट्टी होती, सोल्युशन होतं, टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या होत्या, हातपंपही होता. फक्त चाक काढायचं होतं. ब्रेकजवळच्या एका नटाला मी १३ चा पाना लावला, तो बसेना. १४ चा लावला, तो बसला. जोर दिला आणि तो घसरला. पुन्हा जोर दिला, पुन्हा घसरला, आणि नटाचे कोपरे झिजायला लागले. बाबा एवढंच म्हणाले, "राहू दे. गोल झाला तर कुणालाच उघडणार नाही."

पावसात बुलेट ढकलणं काय असतं, ते ज्याने ढकलली आहे त्यालाच माहीत. शेलारला मागांचा खडखडाट ऐकू आला तेव्हा हायसं वाटलं. पहिल्याच कारखान्याच्या दारात आम्ही थांबलो. आतून जॉबरचाचा हात पुसत बाहेर आले, नटाकडे बघितलं, माझ्या चकचकीत संचाकडे बघितलं आणि हसले. "अरे भाई, ये सूत का माल है. मिलीमीटर से नहीं खुलेगा." मागाला वापरतात तोच पाना त्यांनी आणला. तो नटावर असा बसला की जणू त्याच्याचसाठी घडवला होता. एका हिसक्यात नट सुटला.

त्या दिवशी मला फक्त शरम वाटली. मागाचा पाना बुलेटला का बसला, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली नट-बोल्टच्या आट्यांची एक ठरावीक मापपद्धत सुचवली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. ही मापं पुढे इंग्लंडभर रुळली. मँचेस्टर म्हणजे लँकेशायरच्या कापडधंद्याचं केंद्र. तिथल्या मागांना ही मापं लागली आणि त्याच घडणीचे साधे माग मुंबईच्या गिरण्यांत आले. गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी माग भिवंडीत येऊन पुन्हा उभे राहिले. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर इथला खडखडाट आणखी वाढला. बुलेटसुद्धा मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची, तिचे नट-बोल्ट बहुतेक इंचीच. म्हणजे बाबांची गाडी आणि चाचांचा माग दूरचे नातेवाईक निघाले!

या पद्धतीत एक गंमत आहे. पान्यावरचा १/४ हा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा असतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, म्हणून आपले मिस्त्री त्याला दोन सुताचा पाना म्हणतात. त्याचं तोंड भरतं सुमारे १३.३ मिलिमीटर. १३ चा बसत नाही आणि १४ चा घसरतो, तो याचमुळे.

आणखी एक योगायोग बघा. मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली १९५५ साली आणि मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ साली. देश मिलिमीटरकडे निघाला आणि बुलेट इंचातच राहिली. म्हैसूरची जावा चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्राची, राजदूत पोलंडच्या, म्हणून त्या दोघी मिलिमीटरवाल्या. एकाच गल्लीतल्या दोन गाड्यांना एकमेकींची हत्यारं चालत नसत. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. हळूहळू रस्त्यावर जपानी तंत्राच्याच गाड्या दिसू लागल्या आणि बहुतेक कामं १०, १२, १४ च्या पान्यांवर भागू लागली. पॉइंट गेले, तसा पॉलिश पेपर गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटरही जवळजवळ गेला. पिशवीतली एकेक वस्तू कमी होत गेली, कारण ती ज्या दुखण्यावरचं औषध होती ते दुखणंच राहिलं नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, संच मागव हवा तर, पण आधी एका रविवारी अंगणात जुनी चादर पसर. वाटेत जी कामं करावी लागतील असं वाटतं, ती सगळी घरीच एकदा कर. चेन ताण, क्लचची वायर बदल, फ्यूज काढून घाल, ट्यूबलेस टायरचं पंक्चर कसं काढतात ते एखाद्या टाकाऊ टायरवर करून बघ. ज्या हत्याराला हात लागला तेच पिशवीत टाक. बाकीचं घरी.

त्याने खरंच केलं. शेहेचाळीसपैकी सात नग लागले. आणि चेन ताणायला मागच्या चाकाचा जो मोठा नट सैल करावा लागतो, तो उघडेल असा पाना त्या संचात नव्हताच. तो वेगळा आणावा लागला.

जॉबरचाचांनी तो पाना त्या दिवशी बाबांनाच देऊन टाकला होता. पैसे घेतले नाहीत. बुलेट २००३ साली विकली, बाबाही आता नाहीत, पाना मात्र आहे. भाचा म्हणाला, "मामा, शकुन म्हणून तो बरोबर नेऊ का?" मी म्हटलं, नको. तुझ्या गाडीला तो बसत नाही.

खिळ्यावर टांगलेलाच बरा.