हृदयतालविकारांवरील औषधोपचार आणि ‘कास्ट’ चाचणी : एक ऐतिहासिक अभ्यास

हृदयाच्या जीवघेण्या तालविकारांवरील उपचारांचा इतिहास बहुधा नवनव्या औषधांच्या शोधाचा इतिहास म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखात मात्र एका चाचणीचा विचार केला आहे. या क्षेत्राला खरी कलाटणी मिळाली ती मान्यताप्राप्त औषधे प्राणघातक ठरल्यामुळे.

या उपचारांचे मूळ सिंकोनाच्या सालीत आहे. आपली अनियमित नाडी आपण क्विनीन घेऊन पूर्ववत करतो, असे एका व्यापाऱ्याने डच वैद्य वेंकेबाख यांना सांगितले. त्यांनी ती हकीकत १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. १९१८ मध्ये वॉल्टर फ्राय यांनी त्याच सालीतील क्विनिडीन अधिक प्रभावी असल्याचे दाखविले. पुढे प्रोकेनामाइड व लिडोकेन यांची भर पडली.

१९६० च्या दशकात हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र अतिदक्षता कक्ष सुरू झाले आणि इसीजीवर अखंड नजर ठेवता येऊ लागली. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ज्या रुग्णांच्या जवनिकांत अकाली ठोके वारंवार पडतात, त्यांना आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो, असे आढळले. त्यावरून ठोके दडपले की मृत्यू टळेल, असे अनुमान काढण्यात आले. अनुमान तर्कसंगत होते. पण ते सिद्ध झालेले नव्हते. अमेरिकेत १९८५ मध्ये फ्लेकेनाइड व १९८६ मध्ये एन्केनाइड यांना मान्यता मिळाली, ती ठोके कमी होतात या आधारावर. मृत्यू कमी होतात असा पुरावा नव्हता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने १९८७ मध्ये ‘कार्डिअ‍ॅक अ‍ॅरिदमिया सप्रेशन ट्रायल’ अर्थात ‘कास्ट’ सुरू केली. औषधाने ज्यांचे ठोके खरोखर दडपले गेले, अशाच रुग्णांची औषध व प्लासिबो या गटांत यादृच्छिक विभागणी झाली. म्हणजे औषधाला अनुकूल असेच रुग्ण निवडलेले होते. एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. १९९१ च्या अहवालानुसार सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३, तर प्लासिबो घेणाऱ्या ७४३ पैकी २६ दगावले.

ही औषधे हृदयस्नायूतील विद्युत्‌वहन मंद करतात; झटक्याने व्रण पडलेल्या स्नायूत त्यामुळेच नवा, घातक तालविकार उद्भवू शकतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. हे आधी कोणाच्या ध्यानात का आले नाही? एकेकट्या वैद्याला ते दिसणे जवळजवळ अशक्य होते. इसीजी सुधारलेला असे आणि रुग्ण दगावलाच, तर तो मूळ आजाराने गेला असे मानले जाई. प्रामाणिक, अनुभवी चिकित्सकही यातून सुटले नाहीत. तुलनेसाठी दुसरा गट असल्याखेरीज औषधाने ओढवलेला मृत्यू ओळखण्याचा मार्गच नव्हता. आणि अशा रुग्णांना प्लासिबो देणे अनैतिक, असा आक्षेप त्या काळी घेतला जात होता.

तिसऱ्या औषधाची, मोरिसिझिनची, चाचणीही १९९१ मध्ये थांबली. एन्केनाइड बाजारातून मागे घेण्यात आले. फ्लेकेनाइड टिकले, पण ज्यांच्या हृदयाची रचना निर्दोष आहे अशा रुग्णांपुरते. झटक्यातून वाचलेल्यांसाठी उपयुक्त ठरलेले प्रोप्रॅनोलॉल हे अकाली ठोके दडपण्यात तुलनेने दुबळे मानले जाई. १९८१ च्या चाचणीत ते घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ७.२ टक्के, तर प्लासिबो गटात ९.८ टक्के होते. हा निष्कर्ष ‘कास्ट’पूर्वी सहा वर्षे उपलब्ध होता.