प्रोपेलर शाफ्ट परत बसवताना : वंगण कोठे, कोणते आणि किती

ज्या वाहनात इंजिन पुढे असून गती मागच्या चाकांना दिली जाते, त्या वाहनात गिअरबॉक्स आणि मागच्या धुऱ्यावरील डिफरन्शियल यांना जोडणाऱ्या पोकळ पोलादी नळीला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. सुमो, बोलेरो यांसारख्या गाड्यांपासून मालवाहू ट्रकपर्यंत ही रचना आढळते. क्लच प्लेट बदलणे, गिअरबॉक्स उतरवणे किंवा झिजलेला क्रॉस बदलणे अशा कामांसाठी हा शाफ्ट सोडवावा लागतो. तो परत बसवताना वंगणाची हयगय झाली, तर तिचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. बऱ्याच प्रवासानंतर खडखडाट सुरू होतो, आणि तोवर मूळ कारण विस्मरणात गेलेले असते.

वंगणाची गरज कोठे?

गिअरबॉक्स सांगाड्याला बांधलेला असतो, तर मागचा धुरा पाट्यांवर वर-खाली होत राहतो. त्यामुळे चालत्या वाहनात शाफ्टचा कोन सतत बदलतो आणि दोन टोकांमधील अंतरही कमी-अधिक होते. कोनातील बदल क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, सांभाळतो. लांबीतील बदल स्लिप योक सांभाळतो. त्यातील खाचांचे दाते, म्हणजे स्प्लाइन, एकमेकांत आत-बाहेर सरकतात. धातूवर धातू घासण्याच्या या मुख्य जागा होत. लांब ट्रकमध्ये शाफ्ट दोन किंवा अधिक तुकड्यांचा असतो व मध्ये सेंटर बेअरिंग असते. ते बहुधा बंदिस्त असल्याने त्याला बाहेरून वंगण देता येत नाही. फिरवून पाहताना ते खरखरले तर बदलावे लागते.

सोडवण्यापूर्वी

शाफ्ट सोडवताच गिअरबॉक्सचा चाकांशी संबंध तुटतो. म्हणजे गाडी गिअरमध्ये असली तरी ती उतारावरून घरंगळू शकते. काही वाहनांत हँडब्रेकचा ड्रमही शाफ्टच्या मार्गावरच बसवलेला असतो. तेथे हँडब्रेकचाही आधार राहत नाही. म्हणून काम सपाट जागी करावे आणि चाकांच्या पुढे-मागे भक्कम ठोकळे लावावेत.

दुसरी दक्षता खुणांची. फ्लँज आणि योक यांवर, तसेच स्लिप योकच्या दोन्ही भागांवर रंगाने समोरासमोर खूण करावी. कोनात फिरणारा एक क्रॉस प्रत्येक फेऱ्यात गती दोनदा वाढवतो व दोनदा कमी करतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार भरून काढतो. पण त्यासाठी दोन्ही योक ठरलेल्या स्थितीत असावे लागतात. स्प्लाइन एका दात्यानेही चुकली, तर उत्तम ग्रीस भरूनही कंप थांबत नाही.

क्रॉसचे ग्रीसिंग

क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याच्या चारही टोकांवर कप असतात आणि कपांत सुईसारखे बारीक रोलर. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक या दोघांच्याही नावाने हा सांधा ओळखला जातो. हे रोलर पूर्ण फिरत नाहीत. लहानशा कोनात मागे-पुढे होतात. त्यामुळे भार पुन्हा पुन्हा त्याच रेषेवर पडतो आणि ग्रीस सुकले की त्या जागी सुईच्या आकाराचे चर उमटतात. कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतील सुया कोरड्या पडल्या आहेत असे समजावे. असा क्रॉस ग्रीस भरून सुधारत नाही. तो बदलावाच लागतो.

क्रॉसला निप्पल असेल तर प्रथम निप्पल पुसून घ्यावे. अन्यथा गनच्या दाबाने धूळच आत जाते. मग चारही कपांच्या सीलमधून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत गन हळूहळू चालवावी. एखाद्या कपातून ग्रीस आले नाही, तर शाफ्ट त्या कपापासून दूर रेटून धरावा व पुन्हा प्रयत्न करावा. तीन टोके भिजली आणि चौथे कोरडे राहिले, तर सांधा त्या चौथ्या टोकापासूनच खराब होऊ लागतो. काही क्रॉस कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले असतात व त्यांना निप्पल नसते.

स्लिप योक आणि स्प्लाइन

स्प्लाइनवरील जुने ग्रीस पूर्ण पुसून, दाते तपासून, सर्व खाचांत पातळ व एकसारखा थर द्यावा. आतील पोकळी ग्रीसने ठासून भरू नये. ग्रीस दाबले जात नाही. बाहेर पडण्यास वाट नसेल तर शाफ्ट आत सरकत नाही आणि तो धक्का गिअरबॉक्स व डिफरन्शियलच्या बेअरिंगांवर जातो. गाडी थांबताना किंवा निघताना येणारा ‘टक्’ असा आवाज पुष्कळदा कोरड्या स्प्लाइनचा असतो.

काही गाड्यांत योक थेट गिअरबॉक्सच्या शेपटात शिरतो आणि स्प्लाइनला तेथीलच तेल मिळते. अशा वेळी योकचा बाहेरील गुळगुळीत भाग व ऑइल सीलचा ओठ यांना गिअर ऑइलचा हात द्यावा. कोरडा योक आत ढकलला तर सील फाटतो व गळती सुरू होते. शाफ्ट काढताना सांडलेले तेल नंतर पातळी पाहून भरावे.

ग्रीस कोणते?

निर्मात्याची पुस्तिका अन्य काही सांगत नसेल, तर लिथियम साबणाचे, अतिदाब सहन करणारे, एनएलजीआय २ घट्टपणाचे ग्रीस सामान्यतः चालते. सरकत्या स्प्लाइनसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळसर ग्रीस उपयुक्त ठरते. वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकत्र करू नयेत. काही मिश्रणे पातळ होऊन गळून जातात.

कोठे वंगण नको?

फ्लँजचे समोरासमोर येणारे पृष्ठ स्वच्छ व कोरडे हवेत. पुस्तिकेत सांगितले नसेल तर बोल्टच्या आट्यांना तेल लावू नये. तेलकट आट्यांत घर्षण घटते, त्यामुळे टॉर्क पान्यावर तोच आकडा दिसत असला तरी बोल्टवर अधिक ताण पडतो. सेंटर बेअरिंगच्या रबरालाही ग्रीसपासून दूर ठेवावे.

नंतरची देखभाल

थोडे अंतर चालवून फ्लँजचे बोल्ट पुन्हा तपासावेत. गोव्यातील दमट, खारी हवा, खाणपट्ट्यातील लाल धूळ आणि चोर्ला घाटातील पावसाळी वाहतूक ग्रीस लवकर निकामी करतात. चाके पाण्यातून गेल्यावर निप्पल असलेले सांधे पुन्हा भरावेत. धावत्या गाडीचा पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचे टोक रस्त्यावर रुतून वाहन उलटू शकते. ग्रीसच्या चार दाबांवर चालक, प्रवासी आणि समोरून येणारे वाहन यांची सुरक्षितता अवलंबून असते.