किड्याचा भाव

दागिना मोडायला नेला की सोनार सोन्याचे पैसे देतो, घडणावळ बुडते. हे आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. पण वाळवलेल्या किड्याचं काय? त्यात तर सोनंही नाही!

लंडनचे डॉक्टर हॅन्स स्लोन 1753 साली वारले. मागे सुमारे 71,000 वस्तू: नाणी, रत्नं, पुस्तकं, शंख, किडे, झाडपाला. मृत्युपत्रात अट अशी, की देशाने सगळं घ्यावं आणि दोन मुलींना 20,000 पौंड द्यावेत. त्यांच्या हिशेबाने मोल होतं 80,000. विश्वस्त होरेस वॉलपोलने या आकड्याची टिंगल केली. पाणघोडे नि कोळी आवडणाऱ्यालाच तो पटेल म्हणे. शेवटी पार्लमेंटने लॉटरी काढून पैसा जमवला, त्यातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं.

संग्रहाला लागलेल्या पैशात बायकोकडून आलेलं जमैकातल्या ऊसमळ्यांचं उत्पन्नही होतं. तिथे गुलाम राबत. तो खर्च कुणी मांडला नाही, मारलेल्या जिवांचा तर नाहीच.

पुढे बरेचसे प्राणी कुजून गेले. वाळकी पानं मात्र 265 जाडजूड बांधीव खंडांत लंडनला अजून आहेत.