ना शिपाई, ना मजूर

माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक गृहस्थ ऐन थंडीत दोन महिने दिसत आणि चैत्र लागण्यापूर्वी नाहीसे होत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते मिलिटरीत आहेत असे गाव धरून चाले. पण विचारले, की ते म्हणत, "मी ग्रेफमध्ये आहे." ग्रेफ म्हणजे गणितातला आलेख, असे मी मॅट्रिक होईपर्यंत समजत होतो! पुढे कळले, की दादा झोजीला खिंडीतले बर्फ डोझरने कापीत असत.

या ग्रेफची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे सीमेवर रस्ते न बांधणे हेच उत्तम संरक्षण, असे आपल्या राज्यकर्त्यांचे धोरण होते. रस्ता केला, की शत्रू त्याच रस्त्याने आत येईल, ही भीती. २०१३ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत या धोरणाची कबुलीही दिली. आपण असे दार नसलेल्या घरात निर्धास्त बसलो असता चीनने अक्साई चीनमधून रस्ता काढला, आणि १९५७ साली तो पुराही केला. १९५९ च्या मार्चअखेर दलाई लामा भारतात उतरले, तेव्हा तवांगकडची वाट घोड्यावरून नाहीतर पायी चालायची होती.

मग मात्र जाग आली. ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली. तिच्यावरील मंडळाचे अध्यक्षपद खुद्द पंडित नेहरूंनी घेतले. पूर्वेला तेजपूरकडे 'टस्कर' आणि काश्मीरकडे 'बीकन' असे दोन प्रकल्प प्रथम निघाले. टस्करचे नाव १९६३ मध्ये 'वर्तक' झाले. (ते ऐकून मला आपला वसईचा कुणी वर्तक आठवतो, त्याला इलाज नाही.) काम सुरू झाले खरे, पण डोंगर दोन वर्षांत फुटत नाही. १९६२ चा ऑक्टोबर उजाडला, तेव्हा पुष्कळशा ठाण्यांना रसद विमानातून टाकावी लागत होती, आणि टाकलेली रसद दरीत जात होती.

साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजीलाची हकीकत दादांच्या तोंडूनच ऐकावी. "मास्तर, बर्फाखाली रस्ता कुठं आहे ते दिसत नाही. डोझरचं पातं अंदाजानं लावायचं. अंदाज चुकला, की खाली दरी." कापलेल्या बर्फाच्या भिंती दोन्ही बाजूंना मोटारीहून उंच उभ्या राहत. वरून कडा केव्हा सुटेल, याचा नेम नसे.

आता ग्रेफची माणसे कोण? केंद्र त्यांचे आपल्या पुण्याजवळ दिघीला. अधिकारी काही सैन्यातले, काही मुलकी. शिस्त मात्र लष्करी कायद्याची. संघटित होऊन मागण्या मांडल्या म्हणून लष्करी न्यायालयाने काहींना शिक्षा केल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८३ साली निकाल लागला, की ग्रेफ हे सशस्त्र दलांचेच अंग आहे. तेव्हा संघटनेचा हक्क त्यांना नाही. निकाल कायद्याला धरून असेल. पण शिक्षेपुरते शिपाई आणि निवृत्तीनंतर माजी सैनिकांत गणती नाही, हा हिशेब मला शिक्षक असूनही सुटत नाही. त्यांच्याहून खाली रोजंदारीचे मजूर, दुमक्यासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून उन्हाळ्यापुरते येणारे. २०२० च्या जूनमध्ये दुमक्याहून लडाखसाठी मजुरांची खास आगगाडी सुटली होती.

२०२० मध्ये रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा बोगदा खुला झाला, २०२४ मध्ये सेलाचा. छायाचित्रे मीही वर्गात दाखवली.

दादा निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा माजी सैनिकाला मिळणाऱ्या घरपट्टीच्या माफीसाठी त्यांचा अर्ज मीच लिहून दिला होता. कचेरीत सैनिकाचे पुस्तक मागितले. ते त्यांच्यापाशी नव्हते. अर्ज घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि वाटेत एवढेच विचारले, "मास्तर, आज तारीख काय? झोजीला उघडला असेल नाही एव्हाना?"