वारुळाला हळद-कुंकू, वाळवीला औषध

महाळुंग्यात जिकडे पाहावं तिकडे टॉवर. 2021 साली गाव पुणे महापालिकेत गेलं, शेतं त्याच्या आधीपासूनच चालली होती. जोत्यात भराव पडला की काँक्रीट टाकण्याआधी मातीवर वाळवीचं औषध मारतात. तरी काही वर्षांनी एखाद्या फ्लॅटच्या चौकटीवर मातीची बारीक नळी चढतेच. नखानं खरवडली तर आतले दुधट, आंधळे कामकरी सैरावैरा पळतात, आणि लवकरच ते भोक पुन्हा लिंपलेलं असतं. मग माणूस बोलवायचा. तो म्हणतो दीमक, पावतीवर येतं टर्माइट, आजी म्हणते वाळवी. विदर्भाकडची शेजारीण असेल तर उधई.

हाच किडा माळावर मातीचा मनोरा रचतो तेव्हा त्याचं वारूळ होतं, आणि नागपंचमीला बायका तिथं हळद-कुंकू वाहतात. किडा एक, पण मराठीनं त्याची घरातली आणि रानातली ओळख पार तोडून टाकली आहे. ‘मुंग्यांचं वारूळ’ आपण सर्रास म्हणतो. बांधणारी वाळवी, आणि ती मुंगी नव्हेच. 2007 च्या जनुकीय अभ्यासानं तिला झुरळांच्या कुळात बसवलं. नागोबाही तिथं आयता येऊन राहतो. म्हण आहेच, पूजा मात्र भाडेकरूची.

संस्कृतात ही ताटातूट नव्हती. वम्री म्हणजे वाळवी, वल्मीक म्हणजे तिचं वारूळ, आणि दोन्ही शब्द एकाच गोत्रातले मानतात. लॅटिन फॉर्मिका, ग्रीक मिर्मेक्स हे मुंगीवाचक शब्दही त्यांचेच दूरचे नातलग. वाल्मीकींचं नाव याच वल्मीकावरून पडलं. अमरकोशात वल्मीकाशेजारी वामलूर आहे. आपलं वारूळ त्याच्यावरून आलं असं मानतात, वाटेत र-ल नी जागा बदलल्या. वम्रीचं दुसरं नाव उपदीका. तिची मुलगी पालीत उपचिका, आणि उधई त्याच घरची. गुजरातीत ती आजही ठणठणीत आहे.

शतपथ ब्राह्मणात या उपदीकांची एक झकास गोष्ट आहे. धनुष्यावर डोकं टेकून उभ्या असलेल्या विष्णूच्या धनुष्याची दोरी त्यांनी कुरतडली, पण आधी मोबदला ठरवून: खायला अन्न, आणि वाळवंटातही पाणी सापडावं. ही मागणी नुसती कथेतली नाही. वाळवीची कातडी पातळ. ओल नसेल तर ती जगत नाही, म्हणून ती ओलीच्या मागावर खोल जाते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत पाणी शोधायच्या खुणा दिल्या, त्यांत वारूळ पुन्हा पुन्हा येतं. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी. टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायट्यांनी हे प्रकरण एकदा वाचायला हरकत नाही (जांभूळ उरलं असेल तर).

गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, आणि सांतेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी लोक चवीनं खातात. ती वाळवीनं आत जोपासलेल्या बुरशीचीच असते. एवढं सगळं वारुळाच्या खात्यावर जमा. वाळवीच्या वाट्याला फक्त ‘लागणं’: दाराला, पोथीला, संस्थेला. 2023 सालच्या परेश मोकाशींच्या चित्रपटानंही नाव घेतलं ते ‘वाळवी’. खुनाच्या गोष्टीला ‘वारूळ’ नाव कोण ठेवणार?